दक्षिणायनारंभ

सूर्य उत्तरेकडील कमाल क्रांतीपर्यंत (क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर; सध्या २३°२६′) जाऊन दक्षिणेकडे वळतो तो क्षण. व्यवहारात तो दिवस, बहुधा २१ जून. उत्तर गोलार्धातील हा सर्वांत मोठा दिवस. कर्कायन आणि सायन कर्कसंक्रमण ही याचीच नावे. ‘उन्हाळी विष्टंभ’ ही संज्ञा पाश्चात्त्य शब्दावरून घडवलेली आहे व ती आपल्याकडे थोडी अवघडच बसते, कारण या सुमारास महाराष्ट्रात मृगाचे दिवस सरून सूर्य आर्द्रा नक्षत्रात जात असतो आणि उन्हाळा संपलेला असतो. राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत आषाढ १ हा दिवस २२ जूनला येतो तो याच घटनेवरून.

प्राचीन भारतीय वाङ्‌मयात या दिवसाचे दोन अर्थ दिसतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. एका अर्थाने हा देवांचा माध्यान्ह, वर्षाचा कळस. दुसऱ्या अर्थाने देवांची संध्याकाळ, पितरांच्या काळाचा प्रारंभ. पुढील काळातील बहुतेक आचार दुसऱ्या अर्थावर उभे आहेत. जुना मात्र पहिला असावा.

विषुवत्‌ दिवस : गवामयन या वर्षभर चालणाऱ्या सोमसत्रात १८० दिवसांचे दोन भाग असून त्यांच्या मधोमध विषुवत्‌ हा एकच दिवस येतो. तो कोणत्याही भागात मोजत नाहीत. उत्तरार्धात पूर्वार्धाचा क्रम उलटा चालतो. तैत्तिरीय ब्राह्मणात घराची दोन पाखी तशी संवत्सराची दोन पाखी, अशी उपमा आहे. विषुवत्‌ म्हणजे त्यांवरचे आढे. ऐतरेय ब्राह्मणानुसार विषुवताच्या अलीकडे दहा व पलीकडे दहा दिवस असतात. अलीकडचे दहा म्हणजे पृष्ठ्य षडह या सहा दिवसांच्या गटाचे सहा, अभिजित्‌ नावाचा एक व स्वरसाम नावाचे तीन. पलीकडे स्वरसाम तीन, विश्वजित्‌ एक आणि पुन्हा षडहाचे सहा. विषुवत्‌ धरून एकवीस. देवांनी सूर्याला स्वर्गलोकी चढवले, पण तो तेथून खाली पडेल ही त्यांना भीती वाटली, म्हणून त्यांनी त्याला खालून व वरून स्तोमांचे (सामगायनातील ठरावीक आवृत्तींच्या स्तुतींचे) टेकू दिले, असे तेथे म्हटले आहे. या दिवसाचे सर्व पठण उजेडातच व्हायचे असल्याने एरवी पहाटेपूर्वी म्हणावयाचा प्रातरनुवाकही सूर्योदयानंतर म्हणतात.

‘विषुव’ या शब्दाचा पुढे रूढ झालेला अर्थ दिवस व रात्र समान असण्याचा काळ. त्यावरून लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’मध्ये (१८९३) विषुवत्‌ हा मुळात संपातदिन असल्याचे प्रतिपादन केले. उलट कौषीतकि ब्राह्मणात (१९.३) माघातील अमावास्येला सूर्य उत्तरेकडे वळण्यासाठी थांबतो, सहा महिने उत्तरेला जातो, पुन्हा थांबतो, आणि त्याच वेळी सत्र करणारेही विषुवत्‌ दिवसासाठी थांबतात, असे स्पष्ट सांगितले आहे. प्रबोधचंद्र सेनगुप्त प्रभृतींनी हे वचन प्रमाण मानून विषुवत्‌ दक्षिणायनारंभी ठेवला. शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा हे वचन अधिक थेट आहे. तथापि सत्राची रचना याहून जुनी असून ब्राह्मणकाळी तिला अयनाचा अर्थ चिकटला असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.

एकवीस या आकड्याचा वेधाशी मेळ बसतो. संपाताजवळ सूर्याची क्रांती दिवसाला सुमारे २४ कलांनी बदलते (६० कला म्हणजे एक अंश, ६० विकला म्हणजे एक कला). अयनबिंदूपासून एक दिवस दूर असताना मात्र फरक अवघा १३ विकला असतो आणि दहा दिवसांनी २२ कला. सूर्यबिंबाचा व्यास ३२ कलांचा आहे. कुरुक्षेत्राच्या अक्षांशावर या दहा दिवसांत उगवतीची जागा बिंबाच्या रुंदीइतकीही सरकत नाही. क्षितिजावरची खूण धरून पाहणाऱ्याला सूर्य तीन आठवडे जागचा हललेला दिसणार नाही. ब्राह्मणकारांनी हे मोजून लिहिले की एकविंश (एकवीस आवृत्तींच्या) स्तोमाच्या पावित्र्यासाठी आकडा आधी ठरला, हे सांगणे कठीण. पण सूर्य पडेल ही भीती आणि टेकू देण्याची कल्पना या थांबण्यातून सुचली असावी.

माध्यान्ह की संध्याकाळ : शतपथ ब्राह्मणात (२.१.३) वसंत, ग्रीष्म, वर्षा हे देवांचे ऋतू व शरद, हेमंत, शिशिर हे पितरांचे, सूर्य उत्तरेकडे असतो तेव्हा तो देवांमध्ये आणि दक्षिणेकडे असतो तेव्हा पितरांमध्ये असतो. देवांच्या ऋतूंत वर्षा मोजल्याने त्यांचा काळ वसंतसंपातापासून शरत्संपातापर्यंतचा ठरतो व दक्षिणायनारंभ त्याच्या मध्यावर येतो. टिळकांनी देवयानाचा (देवांच्या मार्गाचा) मूळ अर्थ यावरूनच लावला. मनुस्मृतीत (१.६७) मात्र उत्तरायण हा देवांचा दिवस व दक्षिणायन ही रात्र, असा विभाग आहे, गीतेतही (८.२४-२५) उत्तरायणाचे सहा महिने अग्नी व ज्योती यांच्या मार्गात, तर दक्षिणायनाचे सहा महिने धूम, रात्र व कृष्णपक्ष यांच्या मार्गात घातले आहेत.

ही विसंगती सिद्धांतकारांना, म्हणजे गणिती ज्योतिषाचे ग्रंथ लिहिणाऱ्यांना, जाणवली होती. मेरूवर, म्हणजे उत्तर ध्रुवावर, राहणाऱ्या देवांना सूर्य मेषारंभी उगवतो व तुलारंभी मावळतो. कर्कारंभी तो त्यांच्या आकाशात सर्वांत उंच असतो. मग त्याच क्षणी रात्र सुरू झाली, असे कसे म्हणावे? भास्कराचार्यांनी (जन्म १११४) गोलाध्यायात दिलेले उत्तर असे : सूर्य दिवसाकडे तोंड करून निघाला की संहिताकार (फलज्योतिषाचे व शकुनांचे ग्रंथकार) त्या काळाला दिवस म्हणतात व रात्रीकडे वळला की रात्र, हा विभाग फल सांगण्यापुरता आहे. गणित न बिघडवता परंपरा राखण्याचा याहून सुटसुटीत मार्ग क्वचितच आढळतो. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, ते हेच भास्कराचार्य.

स्थान व कालनिर्णय : वेदांगज्योतिष या प्राचीन कालगणनेच्या ग्रंथात सूर्य धनिष्ठारंभी उत्तरेकडे व आश्लेषार्धी दक्षिणेकडे वळतो. आज दक्षिणायनारंभी सूर्य मृगाच्या अखेरीस असतो. या दोन स्थानांतील सुमारे ४७ अंशांचे अंतर संपातचलनाने (ताऱ्यांच्या संदर्भात संपातबिंदूंच्या मंद सरकण्याने) पडले असून दर अंशास सुमारे ७२ वर्षे धरल्यास ही स्थिती इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या आसपास येते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी इ. स. पू. १४०० च्या सुमाराचा काळ मानला. अन्य काहींनी तो बाराव्या शतकापर्यंत खाली आणला. नक्षत्रविभागाचा आरंभ कोठून धरायचा यात अर्ध्या नक्षत्राचा (६°४०′) फरक पडला, तरी निष्कर्षात ४८० वर्षांचा फरक पडतो, म्हणून एकेरी वर्षापर्यंत दिलेले आकडे सावधपणेच घ्यावेत. ग्रंथाची भाषा वेधाहून बरीच अलीकडची आहे.

त्याच ग्रंथात सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा (१४ तास २४ मिनिटे) व सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा आहे. हे प्रमाण सुमारे ३५ अक्षांशाला, म्हणजे काश्मीर-गांधाराकडे, जुळते. पुण्यात मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. बॅबिलोनी ग्रंथांतही ३:२ हेच प्रमाण असल्याने गणितेतिहासकार डेव्हिड पिंग्रींनी ते तेथून घेतल्याचे मानले. वायव्य भारतातील प्रत्यक्ष वेधाचा पर्यायही खुला असल्याने उसनवारी सिद्ध झाली, असे म्हणता येत नाही. या गणिताचा दोष निराळाच आहे. दिनमान रोज एक प्रस्थ पाण्याइतके, म्हणजे सुमारे दीड मिनिट, सारखेच वाढते व अयनदिनी एकाएकी उलटते, असे त्यात धरले आहे. प्रत्यक्षात अयनाजवळच्या दहा दिवसांत कुरुक्षेत्राकडे जेमतेम दोन मिनिटांचा फरक पडतो. सूर्याचे थांबणे ब्राह्मणांना दिसले. वेदांगाच्या गणितातून ते निसटले.

वराहमिहिराने (सहावे शतक) बृहत्संहितेत लिहिले की आश्लेषार्धी अयन पूर्वी केव्हातरी असावे, आता ते कर्कारंभी आहे, आणि फरक प्रत्यक्ष परीक्षणाने कळतो. त्यासाठी उगवती-मावळतीला दूरच्या खुणेचा वेध घेणे किंवा मोठ्या वर्तुळात शंकूच्या छायेचे आत येणे व बाहेर जाणे टिपणे, हे दोन उपाय त्याने दिले. लगेच पुढे, सूर्य कर्केला न पोहोचताच वळला तर उत्तर व पूर्व दिशांचा नाश, असे शकुनही आहे. वेध आणि शकुन एकाच अध्यायात सहज नांदतात.

शंकूचा वेध : सपाट जागी १२ अंगुळांचा शंकू ओळंब्याने उभा करून त्याच्याच लांबीच्या दोरीने भोवती वर्तुळ काढतात. सकाळी छायेचे टोक वर्तुळात शिरते व दुपारनंतर बाहेर पडते. त्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. कात्यायन शुल्बसूत्रातील ही रीत एरवी किंचित चुकते, कारण दोन वेधांच्या दरम्यान क्रांती बदललेली असते. अयनदिनी ही चूक जवळजवळ नसते, म्हणून दिशासाधनाला हा दिवस उत्तम. अयनदिन ओळखायला मात्र तोच सर्वांत वाईट. एका दिवसाच्या १३ विकला शंकूवर दिसणे शक्य नाही. त्यावर तोड म्हणजे महिना-दीड महिना आधीची माध्यान्हछाया मापून ठेवणे, तितकीच छाया पुन्हा कधी पडते ते पाहणे आणि मधला दिवस काढणे. सूर्याची गती दोन्ही बाजूंस अगदी सारखी नसल्याने थोडी चूक तरीही उरते. आपल्याकडे मोठी अडचण ढगांची : मेमधील छाया मिळते, तिची जोडीदार भर पावसाळ्यात हरवते.

पुण्यात संपातदिनी माध्यान्हछाया (पलभा) ४ अंगुळे, उत्तरेकडे. दक्षिणायनारंभी ती सुमारे १ अंगूळ असते आणि दक्षिणेकडे पडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. उज्जयिनीत (२३°११′) आज छाया जेमतेम १ मिलीमीटर पडायला हवी, पण सूर्यबिंबाच्या रुंदीमुळे येणाऱ्या उपछायेत ती विरून जाते व शंकू छायाहीन भासतो. त्यामुळे कर्कवृत्त उज्जयिनीतून जाते हा समज टिकला. वराहमिहिराच्या काळी ते शहराच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर होते, आता ३० किलोमीटरच्या आत, डोंगला या गावाजवळ आहे.

धर्मशास्त्र व आचार : निबंधग्रंथांत (धर्मशास्त्राच्या संकलनग्रंथांत) हा दिवस निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, कर्कसंक्रांतीला (सध्या १६ जुलैच्या सुमारास) जोडला गेला. तिचा पुण्यकाळ संक्रमणापूर्वीच्या ३० घटिका (१२ तास); मकरसंक्रांतीचा नंतरच्या ४० घटिका. दक्षिणायनात देवप्रतिष्ठा टाळावी, पण मातृका, भैरव, वराह, नरसिंह, त्रिविक्रम व महिषासुरमर्दिनी या देवतांची करता येते. आषाढ शुद्ध एकादशीच्या देवशयनाला देवांच्या रात्रीचा आरंभ म्हटले जाते. मात्र ही निद्रा चारच महिन्यांची आहे. तिचे मूळ अयनापेक्षा पावसाळ्यात शोधणे बरे.

अन्यत्र : चीनमध्येही कळसापेक्षा उतार महत्त्वाचा मानला गेला. या दिवशी यिन (शीत व अंधाराचे तत्त्व) जन्मते, अशी कल्पना असून पूजा आकाशाची नव्हे, पृथ्वीची, चौकोनी वेदीवर होई. बीजिंगमधील पृथ्वीवेदी १५३० ची. चौ विधिग्रंथानुसार ८ ‘ची’ (लांबीचे चिनी एकक) उंचीच्या शंकूची छाया या दिवशी दीड ‘ची’ पडते तो पृथ्वीचा मध्य. हे माप आजच्या डंगफंगजवळच्या प्रदेशाला लागू पडते. अथेन्समध्ये मेटन या ज्योतिर्विदाने इ. स. पू. ४३२ मध्ये अयनाचा वेध घेतला. तेथील वर्ष त्यानंतरच्या अमावास्येनंतर सुरू होई. ईजिप्तमध्ये व्याधाचा सूर्यसान्निध्यातला उदय व नाईलचा पूर यांना अधिक मान होता. स्टोनहेंजचा अक्ष (सुमारे इ. स. पू. २५००) उन्हाळी उगवतीकडे, तसाच उलट बाजूने हिवाळी मावळतीकडे आहे, जवळच्या डरिंग्टन वॉल्स येथील डुकरांच्या अवशेषांवरून मेजवान्या हिवाळ्यात होत असाव्यात, तेव्हा उन्हाळी पहाटेला दिले जाणारे प्राधान्य आधुनिक वाटते. इंकांचा इंती रायमी हा सूर्योत्सव जूनमध्ये येतो म्हणून या यादीत घातला जातो, पण दक्षिण गोलार्धात तो सर्वांत लहान दिवस.

रोमन गणनेत हे अयन २४ जूनला धरत. ख्रिस्ती परंपरेने त्या दिवशी संत योहानाचा जन्म ठेवला, ख्रिस्तजन्माच्या सुमारे सहा महिने आधी. ‘त्याने वाढावे, मी कमी व्हावे’ या योहानाच्या शब्दांशी ऑगस्टीनने घटत्या दिनमानाची सांगड घातली. युरोपात या रात्री होळ्या पेटतात. गोव्यात तोच सण सांजांव : डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून लोक पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या घेतात, नव्या जावयाला सासुरवाडीचे बोलावणे असते आणि शिवोलीला सजवलेले सांगोड (होड्या जोडून केलेले तराफे) पाण्यातून निघतात.