कागद-पेन्सिलीवरची संगणक स्पर्धा: ऑलिम्पियाडची पार्श्वभूमी

शालेय विद्यार्थ्यांसाठी गणिताचे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड १९५९ पासून भरत होते आणि पुढच्या दशकात भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचीही त्यात भर पडली. संगणकशास्त्राला मात्र १९८९ उजाडावे लागले. बल्गेरियाचे गणितज्ञ ब्लागोवेस्त सेंदोव्ह यांनी १९८७ साली युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेत अशा स्पर्धेचा प्रस्ताव मांडला आणि मे १९८९ मध्ये प्राव्हेत्स या गावी पहिली स्पर्धा झाली. गावाची निवड सहेतुक होती, कारण अ‍ॅपल टू संगणकाच्या धर्तीवर बनवलेले बल्गेरियाचे स्वतःचे संगणक याच गावाच्या नावाने ओळखले जात आणि देशातील शाळांमध्ये ते वापरले जात. त्या पहिल्या वर्षी १३ देशांचे ४६ विद्यार्थी आले होते.

योगायोग असा की, भारताने गणित ऑलिम्पियाडला पहिला संघ पाठवला तोही १९८९ मध्येच. संगणक ऑलिम्पियाडमध्ये मात्र आपण २००२ साली उतरलो. आपल्याकडे ऑलिम्पियाड म्हटले की मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे नाव आधी तोंडी येते आणि गणित-विज्ञानासाठी ते योग्यच आहे, पण संगणकाची निवड प्रक्रिया वेगळी आहे. ती संगणकशास्त्रातील संशोधकांची आयएआरसीएस ही संघटना चालवते आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचा त्यात मोठा वाटा राहिला आहे.

या मंडळींचा सर्वांत दूरदर्शी निर्णय मला प्राथमिक फेरीचा वाटतो. प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांसाठी संगणकावरची परीक्षा होतीच. तिच्या जोडीला त्यांनी लेखी परीक्षाही ठेवली, आणि तिला बसण्यासाठी प्रोग्रॅमिंगची एकही भाषा येण्याची अट नव्हती. त्यामुळे ज्या मुलांच्या शाळेत कोड लिहायला कधीच शिकवले गेले नाही, त्यांनाही पुढच्या राष्ट्रीय फेरीची वाट मोकळी झाली.

कागदावर संगणकशास्त्राची परीक्षा कशी घेता येते, हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. पाच ओळी आणि पाच स्तंभांचा तक्ता घ्या. प्रत्येक घरात काही नाणी आहेत. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून निघून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात पोहोचायचे आहे, दर वेळी एक घर उजवीकडे किंवा एक घर खाली जाता येते, आणि वाटेत जास्तीत जास्त नाणी गोळा करायची आहेत. असे मार्ग ७० आहेत. चिकाटीचा विद्यार्थी ते एकेक करून तपासू शकेल. तक्ता वीस बाय वीसचा झाला की मार्गांची संख्या ३,५०० कोटींच्या वर जाते आणि चिकाटी कामाची राहत नाही. पण एखाद्या घरात वरून किंवा डावीकडूनच येता येते, हे ज्याच्या लक्षात आले तो त्या दोन घरांपर्यंत जास्तीत जास्त किती नाणी जमतात ते पाहून त्यांतला मोठा आकडा निवडतो आणि त्यात या घरातली नाणी मिळवतो, आणि अशा ४०० सोप्या बेरजांत मोठा तक्ताही सुटतो. हा अल्गोरिदम, म्हणजे उत्तर काढण्याची पायरीपायरीची रीत, आहे आणि तो सुचायला संगणक लागत नाही.

राष्ट्रीय फेरीतून निवडलेल्यांचे प्रशिक्षण शिबिर होते आणि त्यातून चौघांचा संघ ठरतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मात्र सारे काही संगणकावरच चालते. दोन दिवस, रोज पाच तास, प्रत्येकाने एकट्याने प्रश्न सोडवायचे. आणि प्रोग्रॅमचे उत्तर बरोबर असूनही ते ठरलेल्या वेळेत आले नाही, तर पूर्ण गुण मिळत नाहीत.