चेहऱ्याच्या ट्रीटमेंट ठरवताना आधी कालनिर्णय काढा

श्रावणात आमची ताई, म्हणजे माझी आतेबहीण, घोडबंदरहून माझ्याकडे नौपाड्यात आली ती हातात एका क्लिनिकचं पॅकेज कार्ड घेऊनच. मुलाचं लग्न फेब्रुवारीत, तिचं वय ५२, आणि कार्डावर पील (केमिकल लावून त्वचेचा वरचा थर सोलणं), लेझर, हायफू, बोटॉक्स, फिलर सगळं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तीन सिटिंगमधे उरकून देणार असं लिहिलेलं. "मुलाच्या लग्नात जरा फ्रेश दिसायचंय गं, बाकी काही नाही," एवढंच तिचं म्हणणं, आणि त्यात चुकीचं काहीच नाही. मला खटकला तो जानेवारीचा शेवटचा आठवडा. कारण या ट्रीटमेंट खऱ्या आहेत, नीट केल्या तर फरक पडतो, पण प्रत्येकीला लागणारा वेळ वेगळा, आणि तो न बघता सगळं एकत्र कोंबलं तर पैसे जातातच, वर चेहऱ्यावर डागही राहू शकतात.

मी आधी तिला गॅलरीत सकाळच्या उजेडात उभं केलं आणि नीट बघितलं. दोन भुवयांच्या मधे उभ्या रेघा, आठी घातली नसतानाही दिसणाऱ्या. डोळ्यांखाली खोलगट झालेलं. जबड्याची कड थोडी सैल. आणि उजव्या गालावर डाव्यापेक्षा कितीतरी जास्त काळपट डाग. ताई २० वर्षं स्वतः गाडी चालवत ऐरोलीला ऑफिसला जाते, म्हणजे उजवी बाजू कायम खिडकीकडे. गाडीच्या समोरच्या काचेत मधे प्लॅस्टिकचा थर असतो त्यामुळे उन्हातले त्वचा म्हातारी करणारे यूव्हीए किरण बरेचसे अडतात, बाजूच्या साध्या काचेतून मात्र ते बऱ्यापैकी आत येतात. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो आला होता, त्याचा खिडकीकडचा अर्धा चेहरा दुसऱ्या अर्ध्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो म्हणून त्याची डावी बाजू, आपल्याकडे उजवी.

आता हे सगळे बदल दिसतात एकाच चेहऱ्यावर, पण त्यांची मुळं वेगवेगळ्या थरात असतात. आठी स्नायूमुळे. खोलगटपणा आतली चरबी कमी झाल्यामुळे आणि हाडामुळेसुद्धा, कारण वयाबरोबर डोळ्याची खोबण रुंदावते आणि वरचा जबडा थोडा मागे सरकतो, मग गालाचा आधारच जातो. सैलपणा त्वचेला घट्ट धरणारं कोलॅजन नावाचं प्रथिन कमी झाल्यामुळे, आणि डाग मेलॅनिनचे, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचे. म्हणून एकच ट्रीटमेंट सगळ्याला पुरत नाही आणि डॉक्टर दोन-तीन गोष्टी जोडून करतात, त्याला तसं कारण आहे.

बोटॉक्स हे स्नायूचं औषध. मज्जातंतूतून स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारं रसायन सुटायचं थांबतं आणि स्नायू सैल पडतो. व्हॅन्कुव्हरच्या डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स पापण्या सारख्या फडफडणाऱ्या पेशंटना हे इंजेक्शन द्यायच्या, तेव्हा आठ्या जातायत हे लक्षात आलं, आणि त्यांनी स्किन स्पेशालिस्ट नवऱ्याबरोबर १९९२ साली ते छापलं. परिणाम ३-४ दिवसांनी सुरू होतो, पूर्ण दिसायला २ आठवडे, आणि टिकतो साधारण ३-४ महिने. फिलर म्हणजे खोलगट जागा भरायला टोचतात ती जेल, बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडची, ती लगेच भरलेली दिसते पण सूज आणि निळेपणा उतरायला एक-दोन आठवडे जातात. हायफू मात्र अगदी उलटं, अल्ट्रासाउंडने त्वचेखाली ३ ते ४.५ मिलिमीटरवर बारीक ठिपक्यांमधे ६० डिग्रीच्या वर उष्णता देतात, शरीर ती जखम समजून नवीन कोलॅजन बनवतं, आणि त्याला २-३ महिने लागतात म्हणजे लागतातच. जानेवारीच्या शेवटी केलेलं हायफू दिसणार एप्रिलमधे, लग्नाचे अल्बम घरी आल्यावर!

क्रमालाही कारण आहे. बोटॉक्सने स्नायू सैल पडला की मगच कळतं खरी रेघ किती उरली, मग फिलर कमी लागतं, कधी लागतही नाही. उष्णतेच्या ट्रीटमेंटने चेहरा सुजतो, सुजलेल्या चेहऱ्यात फिलर किती भरायचं ते मोजणार कसं? आणि बोटॉक्सनंतर त्याच दिवशी चेहरा चोळला तर औषध भलतीकडे सरकून पापणी उतरू शकते.

सगळ्यात जास्त काळजी मला डागांची वाटते. आपली त्वचा गव्हाळ-सावळी, ती जरा भाजली, सोलली, दुखावली की मेलॅनिन जास्त करते आणि तो काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. त्यामुळे गोऱ्या त्वचेला चालणारा जोराचा पील किंवा लेझर आपल्याला तसाच चालेल असं नाही. डागांसाठी लेझर करायचंच तर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी याग नावाचं लेझर आपल्याकडे त्यातल्या त्यात सुरक्षित धरतात, कारण ते वरच्या मेलॅनिनमधे कमी शोषलं जातं आणि खोल जातं. तरी आधी कानाजवळ छोटी टेस्ट करून घ्यावी.

मग आम्ही कालनिर्णय भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं आणि लग्नाच्या तारखेपासून उलटं मोजत आलो, आणि ते घेऊन एका स्किन स्पेशालिस्ट बाईंकडे गेलो, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर आधी बघून. त्यांनी पहिलं विचारलं घरात कुठलं क्रीम लावता, आणि निघालं की ताई पार्लरवालीने दिलेली एक गोरेपणाची ट्यूब वर्षभर लावत होती, त्यात स्टिरॉइड! स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, तिच्यावर पील केला असता तर काय झालं असतं या विचाराने मला अजूनही कसंतरी होतं. ती ट्यूब हळूहळू बंद केली. पहिले सहा आठवडे फक्त टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं आणि सावळ्या त्वचेत डाग त्यानेही वाढतात, आणि रात्री रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए पासून बनलेलं क्रीम, थोडं थोडं. विसर्जनाला दिवसभर उन्हात फिरणं होणार म्हणून तोवर दुसरं काही नाही. ऑक्टोबरमधे हायफू. नोव्हेंबर-डिसेंबरमधे सौम्य पील, महिन्याला एक, आणि पीलच्या आधी काही दिवस रेटिनॉइड बंद. डिसेंबरच्या शेवटी बोटॉक्स, २ आठवड्यांनी बघून मग गरज असेल तरच फिलर, आणि लग्नाआधी ४ आठवडे उरले की सुई बंद. शेवटचे १५ दिवस नवीन काहीच नाही, हळदसुद्धा सोललेल्या त्वचेवर चुरचुरते.

फिलरबद्दल एक गोष्ट मात्र मी प्रत्येकीला हात धरून सांगीन. जेल चुकून रक्तवाहिनीत गेली तर तिथली त्वचा मरू शकते, अगदी क्वचित दृष्टीही जाते. ती विरघळवणारं हायल्युरॉनिडेज त्या खोलीत तयार आहे का हे आधी विचारा, सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर उघडू दे, बॅच नंबरचा स्टिकर फाइलला लावून घ्या. टोचल्यावर जागा पांढरी पडली, खूप दुखलं, किंवा नजर धूसर झाली तर घरी जाऊन बर्फ लावत बसू नका, त्याच मिनिटाला सांगा. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर बोटॉक्स नको, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

जानेवारीत बाईंनी ताईला आरशासमोर बसवलं, आठी उतरलेली होती, आणि डोळ्यांखाली फिलर नको म्हणाल्या, तिथे तेवढं लागत नाही. ताई फिलरचे पैसे वाचले म्हणून खूश, आणि गाडीत बसल्या बसल्या तिने सगळ्यात आधी उजव्या गालाला सनस्क्रीन लावलं.