छोट्या कुत्रीच्या वेणा कशा ओळखायच्या?

चिवावा, पॉमेरेनियन, पग, शित्झू अशा छोट्या जातींच्या कुत्र्या एरवीही थरथरतात. अनोळखी माणूस आला, मोठा आवाज झाला, जरा गारठा पडला की अंग कापायला लागतं. धापही चटकन लागते. त्यामुळे दिवस भरत आले की घरातले गोंधळतात: ही थरथर नेहमीची, की वेणांची? वेणांच्या पहिल्या टप्प्यातली बहुतेक लक्षणं या लहानग्यांमध्ये भीतीचीही असतात. म्हणून नुसत्या वागण्यावर विसंबू नये. थर्मामीटर आणि घड्याळ यांचा आधार हवाच.

आधी तारखेबद्दल. मिलनाच्या दिवसापासून मोजलं तर कुत्री ५७ ते ७२ दिवसांत कधीही विऊ शकते. एवढा फरक पडायचं कारण तिच्या शरीरात आहे. कुत्रीचं बीज अंडाशयातून बाहेर पडतं तेव्हा ते अपक्व असतं, पिकायला त्याला आणखी दोन-तीन दिवस लागतात. नराचे शुक्राणू तिच्या गर्भाशयात कित्येक दिवस तग धरून राहतात. म्हणजे मिलन झालं त्याच दिवशी गर्भ राहिला असं धरता येत नाही. बीज बाहेर पडल्याचा दिवस रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या तपासणीतून कळला असेल, तर हिशेब पुष्कळ नेमका होतो: तिथून साधारण ६३ दिवस. तो माहीत नसेल तर मिलनानंतर ५६ व्या-५७ व्या दिवसापासून तापमान घ्यायला सुरुवात करावी.

कुत्रीचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे साधारण १००.४ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. वेणा सुरू होण्याआधी ते अचानक उतरतं. ३७.२ अंशांच्या, म्हणजे ९९ फॅरनहाइटच्या खाली गेलं, तर बहुधा पुढच्या २४ तासांत वेणा सुरू होतात. छोट्या जातींत ही घसरण सर्वांत ठळक दिसते. मोठ्या कुत्रीचं तापमान सहसा ३७ च्या खाली फारसं जात नाही, पण चिवावासारख्या चिमुकल्या कुत्रीत ते ३५ पर्यंतही उतरू शकतं. वजनाच्या मानाने तिच्या कातडीचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे शरीरातली ऊब झपाट्याने निघून जाते.

हे तापमान उतरतं का, यामागची घडामोड मला फार विलक्षण वाटते. गाभणपण टिकवून ठेवतं ते हे प्रोजेस्टेरॉनच, आणि कुत्रीत ते सगळंच्या सगळं अंडाशयातून येतं. शरीर थोडं उबदार ठेवण्याचा गुणही त्याच्यात आहे. पिल्लांची वाढ पूर्ण होत आली की पोटात त्यांना अडचण व्हायला लागते. हा ताण वाढला की त्यांच्याच ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. त्याचा परिणाम वारेवर (पिल्लाला आईशी जोडणाऱ्या अवयवावर) होतो, प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि ते अंडाशयातलं प्रोजेस्टेरॉनचं उत्पादन बंद पाडतं. प्रोजेस्टेरॉन कोसळलं की तापमान उतरतं आणि गर्भाशय आकसायला मोकळं होतं. म्हणजे बाहेर यायची वेळ ठरवतात ती पिल्लंच.

छोट्या कुत्रीच्या दृष्टीने याला एक अवघड बाजू आहे. तिच्या पोटात अनेकदा एक-दोनच पिल्लं असतात. एकट्या पिल्लाला जागा भरपूर मिळते, ते मोठं होतं, आणि त्याच्याकडून येणारा इशारा मात्र अपुरा पडतो. दिवस उलटून जातात आणि वेणाच येत नाहीत. म्हणून ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं किती आहेत ते मोजून घेणं फार महत्त्वाचं. तेव्हा त्यांची हाडं स्पष्ट दिसतात, आणि शेवटचं पिल्लू आलं की नाही हेही पुढे खात्रीने सांगता येतं.

तापमानाची ही घसरण काही तासांचीच असते. दिवसातून एकदाच मोजलं तर ती हमखास निसटते. सकाळ, दुपार, रात्र ठरलेल्या वेळी गुदद्वारातून तापमान घ्यावं, थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावावं आणि आकडा लगेच लिहून ठेवावा. एखादा आकडा एकटाच पाहण्यापेक्षा तिच्या रोजच्या आकड्यांशी ताडून पाहावा. काही कुत्र्यांत घसरण दिसतच नाही, हेही लक्षात असू द्यावं.

तापमान उतरल्यावर पहिला टप्पा येतो. गर्भाशय आकसत असतं, पण बाहेरून जोर दिसत नाही. ती अंथरूण उकरते, कोपरे धुंडाळते, खाणं नाकारते, कधी उलटी करते, धापा टाकते, वळून स्वतःच्या कुशीकडे पाहते. हे सहसा ६ ते १२ तास चालतं. पहिलटकरीण असेल तर २४ तासही लागू शकतात. सडांत दूध उतरलं का, यावर मात्र अंदाज बांधू नये. काहींना ते आठवडाभर आधी येतं, काहींना व्यायल्यावर.

दुसरा टप्पा ओळखायला चुकत नाही. पोटाचे स्नायू आवळून ती कळ देताना दिसते, पाणमोट दिसते किंवा फुटते, आणि तापमान पुन्हा नेहमीच्या पातळीवर येतं. इथून घड्याळ लावायचं. दोन पिल्लांमध्ये अर्धा-एक तास जाणं नेहमीचं, आणि ती शांत विसावली असेल तर दोन तासांपर्यंतही काळजी नाही. बरीच पिल्लं मागच्या पायांनी येतात. कुत्रीत तेही सर्वसाधारणच आहे, पायाळू पिल्लू पाहून घाबरू नये.

डॉक्टरांना लगेच गाठायचे प्रसंग मात्र पाठ असावेत. जोरदार कळा २०-३० मिनिटं चालूनही पिल्लू येत नसेल, मंद कळा दोन तास चालल्या असतील, पिल्लू अर्धवट अडकलं असेल, तापमान उतरून २४ तास झाले तरी वेणा नसतील, ७० दिवस उलटून गेले असतील, किंवा कुत्री गळून पडत असेल, तर थांबू नये. सगळ्यांत मोठी खूण रंगाची. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट-काळा स्राव दिसला तर कुठल्यातरी पिल्लाची वार सुटली आहे, त्याचा प्राणवायू तुटतो आहे. हाच रंग एक पिल्लू आल्यानंतर दिसला तर तो अपेक्षितच असतो.

पग, फ्रेंच बुलडॉग, बोस्टन टेरियर अशा चपट्या नाकाच्या जातींत डोकं मोठं आणि आईची कंबर अरुंद असते. तिथे सिझेरियनची तयारी डॉक्टरांशी बोलून आधीच करून ठेवणं शहाणपणाचं.

घरी दोन गोष्टी करू नयेत. गाभण असताना कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि दूध पाजू लागल्यावर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकतं. हा धोका छोट्या जातींनाच सर्वाधिक. आणि वेणा मंदावल्या म्हणून कोणी गर्भाशय आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सुचवलं तर तपासणीशिवाय ते देऊ देऊ नये. पुढे पिल्लू अडकलेलं असेल तर त्या जोराने गर्भाशय फाटू शकतं.