हरकती-सूचना म्हणजे लोकसहभाग नव्हे

पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात जाहीर सूचना येते: विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला आहे, हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत लेखी द्याव्यात. नगरनियोजनाकडे वळणारे बरेच तरुण आर्किटेक्ट यालाच लोकसहभाग समजतात.

हरकत हा कायद्याने दिलेला हक्क आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली मसुदा लोकांपुढे येतो आणि कलम 28 प्रमाणे नियोजन समिती सुनावणी घेते. त्याची ताकद मुंबईने पाहिली. फेब्रुवारी 2015 मधल्या मसुद्यात चुका इतक्या होत्या की हरकतींचा पाऊस पडला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदाच बाजूला ठेवायला लावला आणि सुधारित मसुदा मे 2016 मध्ये आला. पण क्रम पाहा. नकाशा आधी रंगवला गेला, माणसं नंतर आली. सुनावणीला येणारा बहुतेक वेळा आपल्या सर्व्हे नंबरवरचं आरक्षण, म्हणजे मैदान, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी जमीन राखून ठेवल्याची खूण, तेवढं हटवा म्हणतो, कारण मोकळं मैदान कुठे हवं हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

लोकसहभागात हा क्रम उलटा असतो. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये ‘बीएसयूपी’ या शहरी गरिबांना मूलभूत सेवा देण्याच्या केंद्राच्या योजनेखाली कच्ची घरं जागच्या जागी पक्की बांधायची होती, प्रत्येकी 270 चौरस फुटांची. ‘स्पार्क’ ही स्वयंसेवी संस्था, ‘महिला मिलन’ या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेच्या सदस्या आणि आर्किटेक्ट प्रसन्न देसाई यांनी हे काम केलं. पक्की घरं तशीच राहिली, गल्ल्यांची मूळ वीण राखली. ज्यांच्या घराखालची जागा फार लहान होती, त्यांच्यासाठी शेजाऱ्यांनी एकत्र येऊन मजले चढवायचे, असा मार्ग निघाला. आता शेजाऱ्याशी जागा जोडायला तयार व्हायचं, तळमजला कुणाचा आणि जिना कुठून, हे कुठल्याही कार्यालयात बसून ठरत नाही. ते घरोघरी जाऊन, त्याच दोन कुटुंबांना समोरासमोर बसवूनच ठरतं. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे तो यासाठी. इथे आर्किटेक्टचं रेखाटन हा बोलणं सुरू करायचा कागद असतो, आणि तो पुन्हा पुन्हा खोडायची तयारी लागते.

पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. ते या दोन्हींच्या मधलं म्हणता येईल: काम लोक सुचवतात, निवड मात्र त्यांच्या हाती नसते.

लोकसहभागाच्या कामाची नोकरी पत्करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा. लोकांसमोर पहिला कागद ठेवला जाईल, तेव्हा त्यावर काय काय आधीच ठरलेलं असेल? उत्तरात रस्ते, आरक्षणं, मजल्यांची संख्या असं सगळंच आलं, तर ते काम हरकती नोंदवून घेण्याचं आहे, बैठकीला ‘लोकसंवाद’ नाव दिलेलं असलं तरी.