प्रोसेसर न बघता कसा हाताळावा
कॉक्लिअर इम्प्लांट वापरणारे आमचे ग्राहक आणि त्यांच्या घरची मंडळी यांच्यासाठी

कानामागे लावलेला प्रोसेसर (इम्प्लांटचा बाहेरचा भाग; तो आवाज टिपून, केबलने जोडलेल्या आणि डोक्याला चुंबकाने चिकटणाऱ्या कॉइलमधून आतल्या इम्प्लांटकडे पाठवतो) ज्याचा त्याला कधीच दिसत नाही. आरशासमोर उभे राहिले तरी बटण पाठीकडे आणि लाईट केसांत. म्हणजे नजर शाबूत असलेला माणूसही तो बोटांनीच चालवतो. कुणी नीट शिकून, कुणी चाचपडत. मोतीबिंदू, मधुमेहाने बिघडलेला डोळ्याचा पडदा, किंवा अशर सिंड्रोम (यात ऐकण्याबरोबर नजरही जाते आणि नजर जायची सुरुवात बहुधा रातांधळेपणाने होते) असलेल्यांना तर दुसरा इलाजच नाही. त्यात इम्प्लांटची एक खास अडचण आहे. मशीन बंद पडले की त्याची बीपही ऐकू येत नाही. म्हणून बोटांची सवय मशीन ठीक चालत असतानाच करायची, पावसात लाईट गेल्यावर नव्हे.

आधी मांडीवर, मग कानावर

मांडीवर टॉवेल पसरा, म्हणजे सेल घरंगळणार नाहीत. स्टीलचे ताट घेऊ नका. कित्येक ताटांना कॉइलचे चुंबक चिकटते. प्रोसेसर हातात घेऊन दरवेळी एकाच क्रमाने वरून खाली बोट फिरवा. वर वाकडा इअरहुक, म्हणजे कानावर अडकणारा आकडा. त्याच्या मागे वरच्या कडेला माइकची बारीक छिद्रे किंवा जाळी. इथे बोट दाबून धरू नका, घाम आत जातो. मग पाठीवर बटण. त्याखाली आडवी फट लागते, तिथे बॅटरीचा भाग सुरू होतो. केबल कुठून निघते तेही पाहून ठेवा. हा क्रम दिवसातून दोनदा, आठवडाभर केला की बोट आपोआप बटणावर जाते.

दोन्ही कानांना इम्प्लांट असेल तर उजवे-डावे ओळखायला लाल-निळी खूण असते. उजव्याला लाल, डाव्याला निळी. बोटाला रंग कळत नाही. डाव्या प्रोसेसरच्या बॅटरी-कव्हरवर बाहेरून उंचवट्याचा एक छोटा स्टिकर लावा. माइक, फट, बॅटरीचे संपर्क आणि कॉइलची डोक्याकडची बाजू सोडून. नेलपॉलिशचे थेंब लोक लावतात, पण ते माइकच्या जाळीत उतरले की जाळी गेली. बाजू चुकल्यास काय होते? प्रत्येक इम्प्लांटचा मॅप (त्या कानासाठी बसवलेली आवाजाची मांडणी) वेगळा असतो आणि आजची बहुतेक मशिने आपले इम्प्लांट ओळखतात. परके असेल तर आवाजच देत नाहीत. सकाळी दोन्हीकडे शांतता असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी बाजू तपासा.

बटण

कॉक्लिअर कंपनीच्या न्यूक्लिअस ७ ला पाठीवर एकच बटण आहे. क्षणभर दाबून सोडले की प्रोग्राम (आवाजाची ठरवून ठेवलेली सेटिंग) बदलतो, सुमारे ५ सेकंद दाबून धरले की मशीन बंद होते. मेड-एलच्या सॉनेट २ वर आवाज किंवा प्रोग्राम बदलायला बटण नाहीच. ते काम रिमोटवर किंवा मोबाइलवर. काही मशिनांना वर-खाली दाबायचे जोडबटण असते. तुमच्या मॉडेलचे नेमके सेकंद आमच्याकडे एकदा मोजून घ्या, कारण "जरा वेळ दाबा" यातला जरा वेळ प्रत्येकाचा वेगळा.

दाबताना अंगठा प्रोसेसरच्या समोरच्या बाजूला टेकवा आणि तर्जनीच्या पेराने दाबा. टेकू नसेल तर प्रोसेसर कानावरून सरकतो, दाब अर्धवट पडतो, आणि बटण बिघडले असे वाटते. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील तर नखाची कड वापरून पाहा. बटण खाली गेल्याचा टिचका नखाला लवकर कळतो.

बऱ्याच मशिनांत बीपची संख्या म्हणजे प्रोग्रामचा नंबर: एक बीप पहिला, दोन बीप दुसरा. या बीप फक्त तुम्हालाच ऐकू येतात आणि त्या ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) मॅपिंगच्या, म्हणजे मॅप बसवण्याच्या, वेळी चालू-बंद करता येतात. नजर कमी असलेल्याने त्या चालू करून, पुरेशा मोठ्या करून घ्याव्यात. रोजचा प्रोग्राम पहिल्याच नंबरवर मागून घ्या. प्रोग्रामच्या चारही जागा भरून घेण्याचा आग्रह आम्हाला पटत नाही. दोन प्रोग्राम असले तर हरवायला होत नाही.

सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी: "मशीन आपोआप आवाज बदलते." बहुतेक वेळा कारण बोटांत असते. कानावर चढवताना प्रोसेसर मधोमध चिमटीत धरला की बटण दाबले जाते. तो खालून, बॅटरीच्या भागाच्या दोन्ही कडांना धरा. तरीही होत असेल तर बटण सॉफ्टवेअरमधून बंद करून रिमोटवर काम करता येते. लहान मुलांसाठी तेच बरे.

कॉइल

आधी इअरहुक कानावर, मग कॉइल. कॉइल कडेने धरा, कानाच्या वर-मागे केस बाजूला सारा आणि डोक्याला लावून हळूहळू सरकवा. चुंबक जागा मिळाली की स्वतः ओढून घेते. जिथे ओढ लागते तिथे बोट सोडायचे, दाबायचे नाही. ओढ ढिली लागली तर मध्ये केसांची बट आहे का पाहा. कॉइल काढल्यावर त्या जागेवर बोट फिरवा. कातडी गरम, दुखरी किंवा खोलगट लागली तर चुंबक जास्त जोराचे आहे; कमी जोराचे बदलून मिळते. कदंब बसच्या गर्दीत कॉइल निसटली तर आधी खिडकीचे गज आणि उभा दांडा चाचपा. लोखंड दिसले की ती तिथेच जाऊन बसते.

केबल ओढून कॉइल काढू नका. आठवड्यातून एकदा केबल दोन बोटांतून सावकाश सरकवा. प्लगजवळ ती कडक, चिरलेली किंवा सुरकुतलेली लागली तर दिवस भरले समजा. बोलता बोलता आवाज तुटत असेल आणि केबल हलवल्यावर परत येत असेल तर दोष तिथेच आहे. एक केबल जवळ असू द्या. सर्वांत आधी तीच जाते.

सेल आणि बॅटरी

वापरून टाकायचे सेल ६७५ नंबरचे, झिंक-एअर, १.४ व्होल्टचे. पण साध्या श्रवणयंत्राचेही ६७५ च असतात आणि आकार तोच, म्हणून बोटाला फरक कळणार नाही. इम्प्लांटला जास्त करंट लागतो. साधे सेल घातले तर मशीन लवकर बंद पडते किंवा मध्येच आवाज तुटतो. घरात कुणाचे श्रवणयंत्र असेल तर दोन्ही पाकिटे एका डब्यात ठेवूच नका.

सेलची सपाट बाजू म्हणजे अधिक; तिच्यावर बारीक छिद्रे आणि चिकटवलेली शेपटी असते. दुसरी बाजू कडेला एक पायरी उतरून किंचित लहान होते, ती उणे. शेपटी बोटाला लागली म्हणजे सेल नवा. शेपटी काढली की छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल वापरला नाही तरी उतरू लागतो. काढल्यावर सपाट बाजू वर ठेवून दोन-तीन मिनिटे थांबा, मग घाला. दोन सेलांचे मशीन असेल तर दोन्ही एकदम बदला. सपाट बाजूला तेलकट किंवा घामट बोट लावू नका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर "नवे सेल तासाभरात गेले" म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे सेल गेलेले नसतात. छिद्रांवर घामाचा पडदा बसून हवा कोंडलेली असते. सेल काढून सुक्या सुती फडक्याने पुसा, कव्हरचाही ओलावा टिपा आणि थोडा वेळ उघडे ठेवा.

चार्ज होणाऱ्या बॅटरीची अडचण वेगळी: भरली की नाही हे फक्त लाईट सांगते. उपाय साधा. चार्जरवरून भरलेली बॅटरी काढताना तिला रबर बँड घाला, वापरायला घेताना काढा. खिशात हात घातला की बँडवाली ती भरलेली.

सेल लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने गिळला असे वाटले तरी वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा. मुलांच्या मशीनला बॅटरी-कव्हरचे लॉक असते. ते बसले की नाही हे कव्हर नखाने ओढून पाहूनच ठरवा.

ओलावा

रात्री प्रोसेसर ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या डब्यात. झिंक-एअर सेल आधी बाहेर काढा, नाहीतर ते सुकतात. ओल्या हातांनी बॅटरी उघडू नका. समुद्राच्या पाण्यात मशीन पडले तर बॅटरी काढा, पुसा, ड्राय बॉक्समध्ये ठेवा आणि त्याच दिवशी घेऊन या. हेअर ड्रायर आणि तांदळाचा डबा, दोन्ही नकोत. मिठाचा थर संपर्कांवर चढतो, म्हणून उशीर महागात पडतो.

काहीच ऐकू येत नसेल तर

क्रम ठरवून ठेवा: बाजू, कॉइल, बॅटरी, बटण, केबल. मध्ये उडी मारू नका. मोबाइलचे बोलणारे अॅप इथे उपयोगाचे नाही, कारण ते बोलते ते ऐकायला हेच मशीन लागते. घरच्यांशी स्पर्शाच्या खुणा आधी ठरवा, उदाहरणार्थ तळहातावर गोल म्हणजे सेल आण, मनगटावर दोन टिचक्या म्हणजे मशीन बंद आहे, थांब. मशीन काढून झोपलेल्या माणसाला उठवतानाही आधी खांद्यावर हात ठेवावा. एकदम हलवल्यास तो दचकतो.

सरावासाठी केंद्रात येताना आपलेच मशीन, सुटी केबल, सध्याचे सेलांचे पाकीट आणि घरातली एक व्यक्ती सोबत आणा. वापरलेले सेलही घेऊन या, ते कचऱ्यात टाकायचे नसतात.