लगेच बोलून टाकणारा रुग्ण

‘‘तसले काही विचार नाही ना येत मनात?’’

आत्महत्येबद्दल विचारायची वेळ आली की शिकाऊ मानसोपचारतज्ज्ञाची जीभ अशी अडखळते. प्रश्नातच ‘नाही’ भरलेलं. मग रुग्णही ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. ‘‘जगणं नको असं वाटतं का?’’ हे सरळ विचारायला सराव लागतो. (विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही.) पण सराव करायचा कुणावर?

हा सराव आता जनरेटिव्ह एआयवर करता येतो. ‘तू चाळिशीतला माणूस आहेस, झोप उडाली आहे, दारू वाढली आहे, पण ती लपवतोस’ एवढं सांगितलं की चॅटबॉट रुग्ण होतो. रात्री दोन वाजताही बसतो, दहादा चुकलं तरी त्याला इजा होत नाही.

कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी १९७२ च्या सुमारास ‘पॅरी’ नावाचा प्रोग्रॅम केला. पॅरी म्हणजे पोस्टात कारकून असलेला, घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणारा, गुंड आपल्या मागावर आहेत असं मानणारा २८ वर्षांचा माणूस. त्याच्या आत भीती, राग आणि अविश्वास यांचे आकडे होते आणि समोरच्याच्या प्रश्नांनुसार ते वरखाली होत. पॅरीचे आणि खऱ्या रुग्णांचे नुसते संवाद वाचून त्यातला खरा रुग्ण कोणता, हे मानसोपचारतज्ज्ञांनाही नीट ओळखता आलं नाही.

पॅरीची भाषा तुटपुंजी होती, पण तो डूख धरायचा. आजच्या चॅटबॉटचं नेमकं उलटं आहे. भाषा ओघवती, पण स्वभाव भिडस्त. माणसांना आवडेल असं उत्तर देण्याचं वळण त्याला प्रशिक्षणातच लागलेलं असतं. त्यामुळे ‘दारू लपव’ म्हणून बजावलेला रुग्ण तिसऱ्या प्रश्नालाच म्हणतो, ‘‘खरं सांगू डॉक्टर, मी रोज पितो.’’ इतका गुणी रुग्ण प्रत्यक्षात क्वचितच भेटतो! यावर मला सुचणारा उपाय पॅरीचाच आहे: विश्वासाचा एक छुपा आकडा ठेवायचा आणि तो पुरेसा वाढेपर्यंत तोंड उघडू द्यायचं नाही.

शिवाय टाइप केलेल्या गप्पांत जे दिसत नाही ते बरंच आहे. उत्तराआधीचा लांबलेला विराम, मंदावलेली हालचाल, न भिडणारी नजर, चुरगळलेले कपडे. मनोवस्था तपासताना हे सगळं नोंदवायचं असतं.

खऱ्या रुग्णाची माहिती मात्र कोणत्याही सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकायची नाही. चॅटबॉटकडून संदर्भ मागितले तर तेही तपासायचे. नसलेले शोधनिबंधही तो कधीकधी ठामपणे सांगतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती संवादाची लेखी प्रत. चॅटबॉटचा ‘छान विचारलंत’ हा शेरा सोडून द्यावा, पेन घ्यावं आणि आपल्याच प्रश्नांतला प्रत्येक ‘ना?’ अधोरेखित करत जावं.