द्राक्षवेलीच्या पानांचा पिवळेपणा व त्याचे निदान

द्राक्षवेलीच्या पानांतील हरितद्रव्य कमी होऊन पाने अंशतः किंवा पूर्णपणे पिवळी पडतात, त्या अवस्थेस पिवळेपणा म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तिला क्लोरोसिस अशी संज्ञा आहे. पिवळेपणा हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. अन्नद्रव्यांची कमतरता, मुळांची गुदमर, बुरशी, कीड, विषाणू, तणनाशकाचा अंश किंवा केवळ सावली यांपैकी कोणत्याही कारणाने ते उमटू शकते. नाशिक जिल्ह्याच्या निफाड, दिंडोरी, चांदवड, नाशिक व बागलाण या द्राक्षपट्ट्यात हे लक्षण नव्या काड्या वाढवण्यासाठीच्या खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात आणि फळांसाठीच्या गोडी बहाराच्या छाटणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, असे दोन्ही वेळा दिसते. कारण न ओळखता केलेल्या फवारण्यांवर बागाईतदाराचा पैसा जातोच, शिवाय त्याहून मोलाचे असे घडनिर्मितीचे आणि मणी फुगण्याचे दिवसही हातचे जातात.

निदानाची पहिली पायरी म्हणजे वेलीवरील कोणते पान पिवळे आहे हे पाहणे. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वेलीत हालचाल करू शकतात. तुटवडा पडला की वेल ती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, त्यामुळे त्यांच्या कमतरतेची खूण काडीच्या तळातील पानांवर प्रथम उमटते. लोहाचे तसे नाही. एकदा पानात स्थिरावलेले लोह तेथून सहसा हलत नाही, म्हणून त्याचा पुरवठा तुटला की तळातील पाने गर्द हिरवी राहतात आणि शेंड्याची कोवळी पाने पिवळी निघतात. तळ आणि शेंडा यांतला हा भेद समजला तर निम्मे निदान वेलीसमोर उभ्या उभ्याच होते.

दुसरी पायरी म्हणजे पानाच्या कोणत्या भागावर पिवळेपणा आहे हे पाहणे. नत्राच्या कमतरतेत शिरांसह संपूर्ण पान फिकट होते आणि काडीची वाढही खुंटते. हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमचा अणू असतो; ते कमी पडल्यास जुन्या पानांच्या कडेकडून शिरांमधून आत शिरणारे पाचरीसारखे पिवळे पट्टे दिसतात, तर देठाजवळचा भाग व मुख्य शिरा हिरव्या राहतात. पालाशाच्या कमतरतेत पिवळेपणा कडेपुरता राहतो, पुढे कडा करपतात आणि पानांच्या वाट्या होतात. घडांत मणी भरू लागले की ते पालाश ओढून घेतात, त्यामुळे जास्त घड ठेवलेल्या वेलींवर ही लक्षणे अधिक तीव्र असतात. पालाश वाढवण्यासाठी सढळ हाताने खत दिल्यास मॅग्नेशियमचे शोषण अडते आणि एक पिवळेपणा जाऊन दुसरा येतो. जस्ताची कमतरता असल्यास पाने लहान राहतात, देठाजवळची खाच नेहमीपेक्षा रुंद उघडते आणि शिरांमध्ये ठिपकेदार फिकटपणा येतो.

नाशिकच्या जमिनींचा विचार करता लोहाच्या कमतरतेचा पिवळेपणा अधिक विस्ताराने समजून घेणे आवश्यक आहे. या रूपात कोवळ्या पानाचा पृष्ठभाग लिंबासारखा पिवळा होतो आणि त्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी स्पष्ट उठून दिसते. तीव्र अवस्थेत पान जवळजवळ पांढरे पडून कडेने करपते. येथील काळी माती दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेली असून त्या खडकात लोह विपुल आहे. म्हणजे वेल उपाशी राहते ती लोह नसल्यामुळे नव्हे, तर ते तिला घेता येत नसल्यामुळे. गोदावरी व कादवा यांच्या काठच्या भारी जमिनींत चुनखडीचे खडे आढळतात आणि सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचा निर्देशांक (pH), पुष्कळदा 8 च्या आसपास असतो. अशा जमिनीत लोह अविद्राव्य स्वरूपात अडकून राहते. द्राक्षाची कोवळी मुळे स्वतः आम्ल सोडून हे लोह सुटे करण्याचा व त्याचे शोषणयोग्य रूपांतर करण्याचा प्रयत्न करतात, परंतु चुन्यापासून निर्माण होणारे बायकार्बोनेट ते आम्ल निष्प्रभ करते. हे काम फक्त पांढरी, म्हणजे नवी कोवळी, मुळी करू शकते. तपकिरी झालेल्या जुन्या मुळांकडून ते होत नाही. बागेत एकमेकांना विचारला जाणारा ‘पांढरी मुळी चालू आहे का?’ हा प्रश्न म्हणूनच शास्त्राच्या कसोटीवरही अचूक ठरतो.

पाऊस किंवा अतिसिंचन यांमुळे बोदात, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या उंच वरंब्यात, पाणी साचले की मातीतील हवा कोंडते, कर्बवायू वाढतो आणि त्याच्या योगाने चुन्याचे अधिक बायकार्बोनेट होते. परतीच्या पावसानंतर आठ-दहा दिवस बागेचा शेंडा पिवळा दिसतो आणि वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा यांचा मेळ, आल्यावर कोणतीही फवारणी न करता नवी पाने हिरवी निघतात, त्याचे कारण हेच. त्या आठ दिवसांत मारलेल्या औषधाला मिळणारे श्रेय पुष्कळदा वाफशाचे असते. डिसेंबर-जानेवारीत निफाड परिसरात पारा कधी कधी 5 अंश सेल्सिअसच्या खाली जातो. थंड मातीत मुळांचे कार्य मंदावते आणि उशिरा छाटलेल्या बागांत असाच तात्पुरता पिवळेपणा येतो.

या विकारावरील अभ्यासाचा इतिहास द्राक्षाशीच निगडित आहे. फ्रान्समधील युसेब ग्रीस यांनी 1840 च्या दशकात पिवळ्या पानांवर लोहाच्या क्षारांचे द्रावण लावून ती हिरवी होतात हे दाखवले. पुढे फायलोक्सेरा या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्यावर अमेरिकी खुंटांवर, म्हणजे मुळांचा आधार देणाऱ्या अमेरिकी वेलींवर, कलमे करण्यात आली, तेव्हा चुनखडीच्या जमिनीत त्यांपैकी अनेक खुंट पिवळे पडू लागले. त्यावर उपाय शोधण्यासाठी फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ पिएर व्हिआला 1887 मध्ये अमेरिकेला गेले आणि टेक्ससचे द्राक्षतज्ज्ञ थॉमस व्होल्नी मन्सन यांच्या साहाय्याने त्यांनी चुना सहन करणाऱ्या व्हायटिस बर्लांडिएरी या जातीकडे लक्ष वेधले. महाराष्ट्रात डॉगरिज हा खुंट पाण्याचा ताण व क्षार यांच्या दृष्टीने रुजला. खुंटाची निवड एकदाच होते आणि बागेचे पुढील सारे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते, त्यामुळे लागवडीपूर्वी मातीतील मुक्त चुना तपासून घेणे हे नंतरच्या कोणत्याही उपचारापेक्षा महत्त्वाचे आहे.

सर्वच पिवळेपणा पोषणाचा नसतो. केवडा, म्हणजेच डाउनी, या रोगात पानाच्या वरच्या बाजूस तेलाच्या डागासारखे गोलसर पिवळे ठिपके येतात आणि दमट रात्रीनंतर त्याच जागी खालच्या बाजूस पांढरी बुरशी दिसते. अन्नद्रव्याच्या कमतरतेची लक्षणे पानाच्या दोन्ही अर्धांवर साधारण सारखी असतात, तर रोगाचे डाग कुठेही विखुरलेले असतात. लाल कोळी व तुडतुडे यांच्या रसशोषणाने पानावर बारीक फिकट ठिपक्यांची रांगोळी उमटते. भिंगाने पानाची खालची बाजू पाहिल्यास कारण सापडते. बागेत एखाद्याच वेलीचा एकच ओलांडा, म्हणजे खोडापासून मांडवावर आडवी नेलेली फांदी, पिवळा पडला असेल, तर त्या ओलांड्यावर किंवा खोडावर खोडकिड्याचे छिद्र व भुसा शोधावा. मुळांवर गाठी असल्यास सूत्रकृमींचा संशय घ्यावा. मांडवाच्या दाट छायेतील आतली पाने पिवळी होऊन गळतात, त्यांना खताची नव्हे तर प्रकाशाची आणि काड्यांच्या विरळणीची गरज असते. शेजारच्या उसात किंवा मक्यात फवारलेल्या 2,4-डी चा वाऱ्याने आलेला अंशही कोवळी पाने पंख्यासारखी आखडवतो व फिकट करतो; द्राक्ष या तणनाशकास अतिशय संवेदनशील आहे.

प्रत्यक्ष निदान करताना प्रथम संपूर्ण बाग फिरून पिवळ्या वेलींचा कच्चा नकाशा काढावा. सखल भागातील सलग पट्टा असल्यास निचऱ्याचा, ठिबकच्या एकाच नळीवरील ओळ असल्यास पाण्याचा, विखुरलेल्या एकेकट्या वेली असल्यास कीड वा रोगाचा विचार आधी करावा. त्यानंतर हिरव्या व पिवळ्या अशा दोन वेलींच्या बोदात फूटभर खोदून मुळी आणि ओल पाहावी. खोदलेल्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यास मुक्त चुना असलेली माती फसफसते.

पानदेठ परीक्षण, म्हणजे पानाच्या देठातील अन्नद्रव्ये प्रयोगशाळेत मोजणे, ही यापुढची पायरी होय. त्यासाठी खरड छाटणीनंतर सुमारे 45 दिवसांनी काडीच्या पाचव्या पानाचे आणि गोडी बहाराच्या छाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरील पानाचे देठ घेतले जातात. नत्र, पालाश, मॅग्नेशियम व सोडियम यांबाबत हा अहवाल विश्वासार्ह मार्गदर्शन करतो. लोहाच्या बाबतीत मात्र तो फसवू शकतो, कारण चुनखडीच्या जमिनीवरील पिवळ्या पानांत एकूण लोह हिरव्या पानांइतके किंवा त्याहून जास्तही आढळते; ते पानात पोहोचलेले असते, पण वापरात येत नाही. अहवालात लोह ‘पुरेसे’ आहे म्हणून लोहाची शंका सोडून देणे ही त्यामुळे मोठी चूक ठरते. अशा वेळी ग्रीस यांची जुनीच रीत उपयोगी पडते : फेरस सल्फेटचे, म्हणजे हिराकसचे, अगदी सौम्य द्रावण ब्रशने चार-पाच कोवळ्या पानांच्या केवळ अर्ध्या भागावर लावावे. आठवडाभरात तेवढाच अर्धा भाग हिरवा झाला, तर कारण लोह हेच होय.

उपचार निदानावर ठरतात. मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट जमिनीतून वा फवारणीतून दिले जाते. लोहासाठी हिराकसची फवारणी तात्पुरती हिरवाई देते, परंतु नंतर निघणाऱ्या पानांना ती पुरत नाही. चुनखडीच्या जमिनीत साधे हिराकस टाकल्यास ते लवकरच अविद्राव्य होते, ई.डी.टी.ए. प्रकारचे चिलेटेड लोहही, म्हणजे विद्राव्य राहावे म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेले लोहही, अशा सामूला टिकत नाही, तर ई.डी.डी.एच.ए. प्रकारचे टिकते, मात्र ते महाग असते. मातीत आम्ल बनवणारे गंधक टाकून चुना संपवण्याची कल्पना हिशेबात बसत नाही : एका एकरातील 15 सेंमी जाडीच्या थरात 1 टक्का चुना असेल, तर तो नाहीसा करण्यासाठीच सुमारे 3 टन गंधक लागेल. बोदात शेणखतासोबत मर्यादित पट्ट्यात दिलेले गंधक मुळीभोवतीची तेवढी जागा सुधारते आणि व्यवहारात तेच शक्य असते. सिंचनाच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असल्यास पाण्याचा सामू आम्लाने कमी करतात. भारी जमिनीत पाण्याच्या दोन पाळ्यांमधील अंतर वाढवून वाफसा टिकवणे आणि सखल बाजूस निचऱ्याची चारी काढणे, ही कामे बिनखर्ची किंवा अल्पखर्ची असून ती फवारणीच्या आधी करावयाची आहेत.